प्रकाशनपूर्व सवलत

लेखकरावांच्या खांद्याला कापडी पिशवी दिसली की आमच्या इमारतीतली माणसं लिफ्ट सोडून जिना धरतात. पिशवी नसेल त्या दिवशी लेखकराव चारचौघांसारखे शेजारी असतात. टाकीचं पाणी गढूळ आलं म्हणून कुरकुरतात, पार्किंगवरून सेक्रेटरीशी वाद घालतात, गणपतीची वर्गणी देताना मागच्या वर्षीची पावती काढून दाखवतात. पिशवी असली की तिच्यात कादंबरीच्या पाच प्रती, सही करायला शाईचं पेन आणि लॅमिनेट करून दोरीत ओवलेला क्यूआर कोड. लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत कथानक, ते सुचलं कसं, आणि "तुमच्यासाठी अडीचशे" इथवर येता येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेत, त्यांना जिना जमत नाही. त्यांच्याकडे तीन प्रती आहेत.

लेखकराव हे नाव पाडलं ते खवचटपणानंच, पण त्यांना ते मनापासून आवडलं. आता नोटीस बोर्डावरसुद्धा 'लेखकराव, दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी' असंच लागतं. कादंबरीचं नाव मात्र मी इथं देणार नाही. दिलं तर ती जाहिरात होईल, आणि उद्या या लेखाचं कात्रण लॅमिनेट होऊन त्याच दोरीत ओवलं जाईल.

2017च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत भरलं. लेखकराव तेव्हा फोर्टातल्या एका विमा कचेरीत नुसते वरिष्ठ सहायक होते. ग्रंथदिंडी बघायला म्हणून गेले, गर्दीत पुढे ढकलले गेले आणि पालखीचा दांडा काही पावलं त्यांच्या खांद्यावर आला. वहिनींच्या मते सगळा बिघाड तिथून. घरी आले ते खांदा चोळत आणि जेवता जेवता म्हणाले, "अगं, माझ्याकडे एक विषय आहे."

पुढची सहा-सात वर्षं त्यांनी तो विषय लोकलमध्ये लिहिला. डोंबिवलीचा माणूस सकाळी फास्ट गाडीमागे जीव टाकतो. ती कल्याणकडून भरून येते, तिच्यात पाय टेकायला जागा मिळाली तरी तो दिवस चांगला जातो. लेखकरावांनी डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरली. वेळ जास्त लागतो, सव्वा तास, पण बसायला मिळतं. खिडकीशी बसून, मांडीवर ऑफिसची डायरी ठेवून ते लिहीत. मुलुंडला ठरलेलं नायिकेचं लग्न भांडुपला मोडलं. कुर्ल्याला गर्दी चढली की प्रकरण आवरतं घ्यायचं, भायखळ्याला पेन खिशात. कादंबरीतली प्रकरणं सगळी एकाच लांबीची का आहेत, असं एका अभ्यासू बाईंनी पुढे जाहीर कार्यक्रमात विचारलं. त्यावर लेखकरावांनी रचनेबद्दल बराच वेळ सांगितलं. मध्य रेल्वेचा उल्लेख केला नाही.

बाड पूर्ण झाल्यावर प्रकाशकांचे उंबरे झाले. एकांनी दोन वर्षांची रांग सांगितली. दुसऱ्यांनी 'तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या, मग रांग नाही' असं सुचवलं. लेखकराव विम्यातले. पैसे आपले, जोखीम आपली आणि पुस्तकावर नाव दुसऱ्याचं, ही पॉलिसी त्यांना पटेना. त्यांनी स्वतःच प्रकाशक व्हायचं ठरवलं. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. तो 13 अंकी क्रमांक आला त्या दिवशी त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. स्वतःचा मोबाइल नंबर त्यांना आजही पाठ नाही, आयएसबीएन मात्र झोपेत विचारला तरी सांगतात.

मग डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ. डेमी आकार, 208 पानं, म्हणजे सोळापानी तेरा फॉर्म, 70 जीएसएमचा मॅपलिथो कागद, 500 प्रती. सगळं धरून प्रत सव्वाशेला पडली, किंमत ठेवली तीनशे. प्रकाशक म्हणून वहिनींचं नाव, मुख्य कार्यालय राहता वन बीएचके, गोदाम हॉलमधला दिवाण. टेम्पोतून गठ्ठे उतरले तेव्हा दिवाणातल्या गोधड्या, फराळाचे मोठे डबे आणि मुलीचं कॅरम बाहेर आलं आणि साहित्य आत गेलं. त्या घरी मुक्कामाला येणारा पाहुणा तेव्हापासून कादंबरीवरच झोपतो.

हिशेब वहिनींच्या वहीत आहे, तो मी पाहिलाय. वितरकाला पन्नास टक्के सूट, म्हणजे हातात दीडशे. त्यातून छपाईचे सव्वाशे गेले की उरतात पंचवीस, तेही पुस्तक विकलं गेल्यावर आणि वितरकाला आठवण झाल्यावर. या पंचवीस रुपयांत मुंबईला हेलपाटा, दुकानदाराबरोबर चहा आणि 'पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य बसवायचं असतं. शिवाय सप्रेम भेट. आपल्याकडे ओळखीच्या माणसानं पुस्तक काढलं की ते विकत घेणं हा त्याचा अपमान समजतात. "आम्हाला प्रत नाही का?" हे ज्या हक्कानं विचारलं जातं, त्या हक्कानं लग्नाचं आमंत्रणही कुणी मागत नाही.

सरकारलाही सप्रेम भेट लागते, हे लेखकरावांना उशिरा कळलं. 1954चा एक कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकानं नव्या पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. वहिनींनी लगेच आकडे मांडले: चार प्रती पाचशेच्या, टपाल वेगळं, आणि दंड भरला तर फार तर साडेतीनशे. "गुन्हा स्वस्त पडतोय," त्या म्हणाल्या. लेखकरावांनी तरीही चारही प्रती पाठवल्या, सही करून. कोलकात्याच्या प्रतीवर 'स्नेहपूर्वक' असं लिहिलं.

इथवर सगळे नवे लेखक थोड्याफार फरकानं असेच असतात. खरे लेखकराव घडले ते यानंतर.

पुस्तक आल्यावर त्यांनी एक वेळापत्रक केलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. सकाळी साडेपाच ते सात लेखन, दुसरी कादंबरी. रात्री नऊ ते साडेनऊ प्रचार. असं पंधरवडाभर चालेल, मग प्रचार आपोआप कमी होत जाईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात प्रचारानं आधी रात्रीचा साडेनऊनंतरचा वेळ घेतला, मग जेवणाचा, आणि एके दिवशी पहाटे साडेपाचला उठून लेखकराव 'शुभ सकाळ'च्या चित्रावर आपलं मुखपृष्ठ बसवताना सापडले. त्यांचं म्हणणं असं, की ज्येष्ठ वाचक पहाटे पाचलाच मोबाइल उघडतात, तेव्हा साडेपाच म्हणजे उशीरच.

धीमी लोकलही सुटली. फास्ट गाडीच्या त्यांच्या डब्यात भजनी मंडळ आहे, मटार सोलणारे आहेत, शेअर बाजारवाले आहेत, आणि या सगळ्यांचे मिळून पाच व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. एवढे वाचक सोडून धीम्या गाडीत एकटं बसून काय लिहायचं? ते फास्टमध्ये दाराशी उभे राहू लागले. हाताला दांडी, खांद्याला पिशवी. लिहायला हातच मोकळा नाही, ही सबब त्या गाडीत कुणालाही पटते.

मुलगी बीएमएसला आहे. तिनं बाबांना समजावलं, की हल्ली पुस्तक रीलवर चालतं. एका पावसाळी रविवारी ठाकुर्लीच्या बाजूला त्यांचं चित्रीकरण झालं. लेखकराव छत्री मिटून पावसात हळूहळू चालतायत, पुस्तक छातीशी, नजर क्षितिजावर. पुस्तक भिजू नये म्हणून त्याला दुधाची पिशवी घातली होती. रील सतरा हजार लोकांनी बघितलं. त्यातल्या बहुतेकांनी दुधाच्या पिशवीबद्दल लिहिलं. एकानं ब्रँड ओळखला. प्रत एकही गेली नाही, पण त्या आठवड्यात लेखकराव जमिनीवर नव्हते.

ऑनलाइन दुकानात पुस्तक लागलं तेव्हा तारे गोळा करायची मोहीम निघाली. नातेवाइकांना आयुष्यात पहिल्यांदाच समीक्षा लिहायची होती. पुण्याच्या मावशींनी पाच तारे दिले आणि खाली 'सौ. ला नमस्कार, उन्हाळ्यात येऊन जा' असं लिहिलं. साडूंनी दोन तारे दिले, कारण खोका एका कोपऱ्याला चेपलेला होता. "आतल्या मजकुराबद्दल माझी काहीच तक्रार नाही," ते फोनवर म्हणाले, "मी उघडलंच नाही अजून."

2025च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावं संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये झालं. त्यासाठी पुण्याहून साहित्यिकांची खास गाडी सुटली होती. लेखकरावांनी रजा टाकली आणि दोन गठ्ठे घेऊन पुणं गाठलं. एवढा लांबचा प्रवास, गाडीभर साहित्यप्रेमी, कुणाला कुठं पळून जाता येणार नाही. यापेक्षा चांगली बाजारपेठ देव देणार नाही असं त्यांना वाटलं. गाडी सुटल्यावर त्यांनी पिशवी उघडली, तेव्हा समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनीही उघडली. शेजारच्या बाईंनी उघडली. वरच्या बर्थवरून एक हात खाली आला, त्यात चारोळीसंग्रह होता. त्या डब्यात वाचायला आलेलं कुणीच नव्हतं. शेवटी रात्री कुठंतरी अदलाबदल सुरू झाली. एका कादंबरीला दोन कवितासंग्रह असा भाव बसला, प्रवासवर्णनाला कुणी हात लावेना. लेखकराव गेले दोन गठ्ठे घेऊन आणि परतले तीन घेऊन. दिवाण मग बंद होईना.

मग भाषणं. एखादं पुस्तक निघालं की गावोगावची ग्रंथालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचक कट्टे यांना वक्ता मिळतो, आणि तो फुकट मिळतो. 'लेखक आपल्या भेटीला' या कार्यक्रमाला लेखकराव बदलापूरपासून आसनगावपर्यंत जाऊन आलेत. श्रोते आठ-दहा. त्यातले दोन कार्यकारिणीतले, एक पंखा बघणारा, आणि एक आजोबा जे प्रत्येक लेखकाला शेवटी वि. स. खांडेकरांबद्दलच विचारतात. मानधन म्हणजे शाल आणि श्रीफळ. शाली वहिनींनी गावी वाटल्या. नारळांचं मात्र काय करावं ते सुचेना. पहिल्या नारळाच्या वड्या झाल्या, मग ओल्या करंज्या, मग आठवडाभर सोलकढी. कादंबरीचा खरा नफा मोजायचा तर तो खोबऱ्यातच मोजावा लागेल.

या सगळ्यात दुसरी कादंबरी कुठं होती? विचारलं की लेखकराव कपाळावर बोट टेकवतात. "इथं पूर्ण आहे. फक्त उतरवायची." मला हे पटत नाही. माझा संशय असा, की त्यांना लिहायला वेळ मिळत नव्हता ही गोष्ट त्यांच्या पथ्यावरच पडली होती. कोरं पान दोन तास समोर असतं आणि हूं की चूं करत नाही. गिऱ्हाईक निदान 'नको' म्हणतं. नको म्हणालेल्याला उद्या पुन्हा विचारता येतं, त्याच्या मेव्हण्याला विचारता येतं, 'अडीचशे' वरून 'दोनशे' करता येतात. संध्याकाळी घरी येऊन 'आज दोन गेल्या' असं सांगता येतं. 'आज एक परिच्छेद खोडला' हे कुणाला सांगणार? ते ऐकून वहिनी पोळ्या लाटायचंसुद्धा थांबणार नाहीत.

मी एकदा म्हटलं, "अहो, केशवसुत 1905 साली गेले. कवितांचं पुस्तक निघालं 1917 साली. काही अडलं का त्यांचं?"

"त्यांना मार्केटिंग कुणी सांगितलं नसणार," लेखकराव हळहळले.

"बरं, बहिणाबाई? त्या गेल्यावर पुढच्या वर्षी, 1952 साली पुस्तक आलं. त्यांनी एक प्रत विकायला नेली नाही कुठं."

"त्यांना मुलगा होता, सोपानदेव. त्यांनी वही नेऊन अत्र्यांना दाखवली. याला नेटवर्किंग म्हणतात. आमची कन्या बघा. मला दुधाच्या पिशवीत घालते."

त्याच कन्येनं त्यांना अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनबद्दल सांगितलं आणि माझी पंचाईत झाली. व्हिटमननं 1855मध्ये 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' स्वतःच छापलं, काही खिळे म्हणे स्वतः जुळवले, आणि मग स्वतःच्याच पुस्तकावर निनावी स्तुतिपर परीक्षणं लिहून छापवून आणली. वर नामवंत लेखक इमर्सननं खासगी पत्रात कौतुक केलं होतं, तर त्यातलं वाक्य पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या कण्यावर, त्याला न विचारता, सोनेरी अक्षरांत उमटवलं. हे ऐकून लेखकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण एकटे नाही आहोत ही भावना. आठवड्यानं सोसायटीत पत्रक फिरलं. त्यावर माझ्या नावानं अभिप्राय होता: 'छान... सावकाश वाचावं असं!' मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, 'छान. सावकाश वाचतो.'

एक मात्र कबूल केलं पाहिजे. या प्रचारात लेखकराव रोज लिहीतच होते. आसनगावच्या पंखा बघणाऱ्यावर, दिल्लीच्या गाडीवर, वितरकाच्या दुकानातल्या झोपाळू मांजरावर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जे मजकूर टाकले ते मी शेवटपर्यंत वाचले. कादंबरीत ते 'विषण्ण सायंकाळ' असं लिहितात, मजकुरात 'साडेसहाची अंबरनाथ लोकल' असं. कादंबरीतल्या नायिकेला मी रस्त्यात ओळखणार नाही, त्या मांजराला ओळखीन. हे त्यांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, आणि मग ते पत्रकावर छापतील.

गाडी रुळावर आणली ती वहिनींनी. संक्रांत जवळ आली होती. त्या दिवाणासमोर उभ्या राहिल्या, गठ्ठे मोजले आणि म्हणाल्या, "विकायचं मी बघते. तुम्ही लिहा."

हळदीकुंकवाच्या वाणाला आमच्याकडे दर वर्षी प्लास्टिकचा डबा, नाहीतर स्टीलची वाटी मिळते. बायकांच्या घरात डब्यांनाच डबे ठेवायला जागा उरलेली नाही. वहिनींनी भिशीत, भजनात आणि योगाच्या वर्गात एकच गोष्ट सांगितली: दहाच्या वर घेतल्या तर प्रत दीडशेला, आणि वाण म्हणून पुस्तक दिलं की पुढच्या वर्षी तुमचंच नाव निघेल. वितरकाला देत होते तेवढीच सूट, पण पैसे रोख आणि चहाचा खर्च समोरच्या घरी. रथसप्तमीपर्यंत सव्वाशे प्रती दिवाणाबाहेर होत्या. वर्षभरात लेखकरावांनी सगळी मिळून एवढी विक्री केली नव्हती. ते खूश व्हायला हवे होते. ते दोन दिवस गप्प होते.

शिवाय आता सबब उरली नव्हती. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, पिशवी वहिनींच्या ताब्यात, मोबाइल फ्रिजवर. मीच त्यांना धीर द्यायला अँथनी ट्रोलपची गोष्ट सांगितली. टपाल खात्यात नोकरी करून हा माणूस पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द असा दंडक, आणि त्यातून कादंबऱ्यांची फौज उभी केली. लेखकरावांना ही गोष्ट फारच भावली. दुसऱ्या दिवशी पहाटेचा सगळा वेळ त्यांनी 'ट्रोलप आणि मी' असा मजकूर लिहिण्यात घालवला.

तेवढ्यात वाचकांनी घात केला. सप्रेम भेट मिळालेलं पुस्तक कुणी वाचत नाही. वाण म्हणून मिळालेलं दुपारी दोन ते चार या वेळात वाचलं जातं, असं दिसलं. फेब्रुवारी संपता संपता बायका जिन्यात, भाजीवाल्याकडे, अगदी गॅसच्या रांगेतसुद्धा लेखकरावांना अडवू लागल्या. प्रश्न सगळ्यांचा एकच. नवव्या प्रकरणात नायिकेची आत्या तापानं फणफणते, डॉक्टर येऊन मान हलवून जातात. पुढे आत्या दिसतच नाही. मेली की बरी झाली?

लेखकराव आधी म्हणाले, "ते मुद्दाम मोकळं सोडलंय. वाचकावर."

"मोकळं कसलं? तिच्या पाटल्या कुणाकडे गेल्या ते तरी सांगा," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. त्यांनी तिन्ही प्रतींत बघितलं होतं.

खरं कारण मला माहीत आहे. आत्या आजारी पडली विक्रोळीला. त्या दिवशी तुफान पाऊस झाला, रुळांवर पाणी आलं, लेखकराव कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी आले. डायरीची मागची पानं भिजली. आठवड्यानं पुन्हा लिहायला बसले तेव्हा नायिकेच्या नोकरीचं सुचलेलं होतं आणि आत्या डोक्यातून गेली ती गेलीच.

वहिनींना यात संधी दिसली. दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डावर हातानं लिहिलेला कागद लागला: 'आत्याचं पुढे काय झालं? नवी कादंबरी दिवाळीत. किंमत साडेतीनशे, प्रकाशनपूर्व सवलतीत अडीचशे. नावं नोंदवा.' ही पद्धत मराठीत जुनीच आहे. कोश, चरित्रं, मोठमोठे ग्रंथ वाचकांनी आधी पैसे भरून उभे केलेत. फक्त त्या ग्रंथांचं थोडं तरी लेखन झालेलं असायचं. इथं मुखपृष्ठ तयार होतं, आयएसबीएन घेऊन झाला होता, अर्पणपत्रिका लिहिलेली होती, आणि कादंबरीचं अक्षर नव्हतं.

नावं पडली साठच्या वर. पैसे वहिनींकडे आले आणि मुलीच्या फीला गेले. लेखकरावांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. विम्याच्या भाषेत सांगायचं तर हप्ते जमा झाले होते आणि दावा दिवाळीला येणार होता.

आता वहिनींच्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे पैसे भरलेल्यांची नावं, उजवीकडे लेखकरावांनी दिलेली पानं. रोज रात्री उजवा रकाना भरल्याशिवाय ताट वाढलं जात नाही, असं कन्या सांगते. आत्या मारायची की वाचवायची यावर घरात मतभेद आहेत. बायकांचा कल वाचवण्याकडे आहे, लेखकरावांना मृत्यूत खोली दिसते. वहिनींची अट वेगळीच. टपाल खात्यानं 1 मे 2025पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय. 300 ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि कर, त्यावर गेलं की पुढचा दर. पहिली कादंबरी त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेष्टनासकट तोलून बघितली, आरामात बसली. "मारा नाहीतर बरी करा," त्यांनी बजावलंय, "पण 240 पानांच्या आत. आत्यापायी मी जास्तीचं तिकीट लावणार नाही."

लेखकराव पुन्हा धीम्या लोकलला लागलेत. पिशवी नाही, मांडीवर नवी डायरी. मीही गुडघ्यांमुळे हल्ली तीच गाडी धरतो, दोन बाकं सोडून बसतो आणि त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, न जाणो बोलायला लागायचे. कोपर, दिवा, मुंब्रा... पेन चालू असतं. कळव्याला ते थांबतं. डायरी मिटते, मोबाइल निघतो, आणि माझ्या खिशात टिंग वाजतं. 'आजचं लेखन: 212 शब्द. आत्यानं डोळे उघडले.' खाली मग ते 212 शब्द कसे सुचले, दिव्याला चढलेल्या कोळणीच्या टोपलीकडे बघून आत्याचा आवाज कसा सापडला, शेजारच्यानं डायरीत डोकावून 'उघडले म्हणजे वाचली का?' असं कसं विचारलं, असं बरंच असतं. परवाचा मजकूर फारच रंगला होता. मला ठाण्याला उतरायचं होतं. वाचून मान वर केली तर मुलुंड आलं होतं.